जुने सराव-पुस्तक मुलांच्या हाती देण्याआधी

प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी जुनी सराव-पुस्तके वापरावीत की नाहीत, या प्रश्नाला आमच्या भागात 'नाही' असे उत्तर देण्याची सोयच नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, तिथल्या दुकानांत वह्या, गाईड आणि शालेय पाठ्यपुस्तके मिळतात. राज्याची एमएचटी-सीईटी, वैद्यकीयची नीट किंवा अभियांत्रिकीची जेईई मेन यांची नवी पुस्तके हवी असतील तर यवतमाळ, अमरावती किंवा थेट नागपूर गाठावे लागते. कापसाचे पैसे हाती आल्याशिवाय ज्या घरात कोणताही मोठा खर्च निघत नाही, तिथे तीन विषयांचे नवे संच जूनमध्येच घेऊन देणे बापाला झेपत नाही. त्यामुळे पुस्तके येतात ती मोठ्या भावाची, मामाच्या मुलीची, नागपूरच्या सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातली, किंवा शहरातल्या एखाद्या सद्गृहस्थाने खोक्यात भरून आमच्या अभ्यासिकेला पाठवलेली. मग कुणीतरी पालक ते पुस्तक घेऊन येतो आणि विचारतो, "सर, पुस्तक तं जुनं हाय, चालन काय?"

चालते, आणि उत्तम चालते, असे माझे ठाम मत आहे. मात्र कुणी जाणत्याने आधी त्या पुस्तकाजवळ पेन्सिल घेऊन बसायला हवे. पुस्तक सगळे एकाच वेगाने जुने होत नाही. त्यातली काही पाने पंचवीस वर्षांनीही तितकीच उपयोगी असतात, काही पाने परीक्षेचा नमुना बदलला की निरुपयोगी होतात, आणि थोडी पाने अशी असतात की ती आज वाचणाऱ्याला चुकीचे शिकवतात. नागपूर-पुण्याच्या मुलाला हा फरक शिकवणी वर्गातले कुणीतरी सांगते. खेड्यातल्या मुलाला तो सांगणारे कुणी नसेल, तर हाती आलेले पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो श्रद्धेने सोडवतो आणि त्यात त्याचे मोलाचे महिने जातात. म्हणून जुनी पुस्तके नुसती वाटून टाकणे मला पटत नाही.

आधी परीक्षेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण मुखपृष्ठावर छापलेल्या नावावरून पुस्तकाची ओळख पटत नाही. २००२ ते २०१२ या काळात अभियांत्रिकीसाठी देशपातळीवरची एआयईईई होती, २०१३ पासून तिची जागा जेईई मेनने घेतली, आणि २०१९ पासून ती परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा-संस्था घेते. आपल्या राज्यात २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर झाले. २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली, ती २०१८ पर्यंत कागदावर होती आणि २०१९ पासून संगणकावर गेली. वैद्यकीयसाठी नीट पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली, मध्ये न्यायालयात अडकली आणि २०१६ पासून पक्की झाली. म्हणजे खोक्यातून 'सीईटी' असे छापलेले जीवशास्त्राचे जाड पुस्तक निघाले, तर ते डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी लिहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि आज सीईटीचे जीवशास्त्र देणारी मुले बहुतेक औषधनिर्माणशास्त्राकडे किंवा कृषीकडे जाणारी असतात.

सीईटीच्या पुस्तकांसाठी मी एकच सीमारेषा मानतो. राज्य मंडळाचा अकरावीचा नवा अभ्यासक्रम २०१९ मध्ये आणि बारावीचा २०२० मध्ये आला, आणि सीईटी याच अभ्यासक्रमावर असते. सुमारे ८० टक्के भार बारावीवर आणि २० टक्के भार अकरावीतल्या ठरावीक पाठांवर. त्याआधीच्या पुस्तकात भौतिकशास्त्रातले गुरुत्वाकर्षण बारावीत सापडते, आज ते अकरावीत आहे. गणितातले सातत्य हे प्रकरण बारावीच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला असे, तेही आता अकरावीत गेले. रसायनशास्त्रात हरित रसायनशास्त्र आणि नॅनो रसायनशास्त्र हा बारावीचा शेवटचा पाठ जुन्या पुस्तकांत शोधूनही मिळणार नाही. प्रकरणे इकडून तिकडे गेली म्हणजे प्रश्न वाया गेले असे नव्हे. पण मुलाने बारावीचा विभाग समजून गुरुत्वाकर्षणाचे दोनशे प्रश्न सोडवले आणि त्याच वेळात संभाव्यता वितरणाला हात लावला नाही, तर भाराचा हिशेब पार उलटा होतो. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. त्यांची अनुक्रमणिका उघडून जुन्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवायची, एवढे काम पहिल्या दिवशी झाले की पुढचे बरेच सोपे जाते.

यातला सर्वांत नाजूक भाग असा की एकच पान एका परीक्षेसाठी बाद असते आणि दुसरीसाठी कामाचे असते. केंद्राची शालेय पुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने आपल्या पुस्तकांतला मजकूर कमी केला, त्यापाठोपाठ २०२४ च्या नीटचा अभ्यासक्रमही बदलला आणि वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण, अन्नपचन व शोषण ही प्रकरणे त्यातून गेली. शहरातून येणाऱ्या पुस्तकांवर या प्रकरणांवर मोठी फुली मारलेली असते, कारण देणाऱ्या घरातला मुलगा नीट देत होता आणि त्याच्यापुरती ती फुली बरोबरच होती. पण राज्य मंडळाच्या बारावीच्या जीवशास्त्रात वनस्पती आणि पाणी यांचा संबंध हा स्वतंत्र पाठ आहे, वनस्पतींची वाढ आणि खनिज पोषण हाही आहे, अन्ननिर्मितीतील वाढ हाही आहे, आणि सीईटीत त्यांवर प्रश्न येतात. आमच्याकडची कितीतरी मुले अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे स्वप्न पाहतात आणि त्या प्रवेशासाठी सीईटीचे गुण लागतात. नत्र, स्फुरद, पालाश यांची नावे ज्यांनी बापाच्या तोंडून रोज ऐकली आहेत, पिवळ्या पडलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या झाडाचे, पान पाहून ज्यांना कमतरतेचा अंदाज येतो, त्या मुलांनी नेमकी खनिज पोषणाची पाने दुसऱ्या कुणाची फुली पाहून सोडून द्यावीत, ही गोष्ट मला फार लागते. रसायनशास्त्रातही हेच आहे: बहुवारिके आणि पहिल्या-दुसऱ्या गणातली मूलद्रव्ये २०२४ च्या जेईई मेनच्या यादीतून वगळली गेली, परंतु सीईटीत ती आहेत.

म्हणून आमच्या अभ्यासिकेत प्रत्येक जुन्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने 'सी', 'नी' आणि 'जे' यांपैकी जी अक्षरे लागू असतील ती लिहिली जातात. एकही अक्षर लागू नसेल तर कोपरा रिकामा राहतो, पान फाडले जात नाही. ज्या वर्षी हे तपासले ते वर्ष आतल्या मुखपृष्ठावर लिहायचे, कारण अभ्यासक्रम पुन्हा बदलला की खुणाही पुन्हा तपासाव्या लागतात. पेन वापरायचा नाही, तो याच कारणासाठी.

आता मजकूरच चुकीचा झाला आहे अशा पानांविषयी. ही पाने मोजकी असतात, पण मुलांना ती स्वतःहून ओळखता येत नाहीत. २०१९ च्या मे महिन्याच्या २० तारखेपासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावरून ती आता प्लँक स्थिरांकावर आली आहे. जुन्या पुस्तकातला मापनाचा पाठ अजूनही त्या ठोकळ्याची गोष्ट सांगतो. मोलची व्याख्याही त्याच दिवशी बदलली. कार्बन-१२ च्या बारा ग्रॅममधल्या अणूंवरून ती ६.०२२१४०७६ × १०²³ या ठरवून दिलेल्या संख्येवर आली. आवर्तसारणीत ११३, ११५, ११७ आणि ११८ या क्रमांकांच्या मूलद्रव्यांना निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगानेसॉन ही नावे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाली, त्याआधीच्या पुस्तकांत तिथे तात्पुरती लॅटिन वळणाची नावे आहेत. सेंद्रिय रसायनशास्त्रात जुनी पुस्तके '२-ब्युटेनॉल' लिहितात, आता 'ब्युटेन-२-ऑल' लिहिले जाते. संयुग तेच असते, पण मुलगी पर्यायांत पहिले नाव शोधत बसली तर मिनिट जाते.

माझ्या विषयातले एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण दर वर्षी त्यावरून गोंधळ होतो. प्रमाण तापमान आणि दाबाला वायूच्या एका मोलचे आकारमान २२.४ लिटर, हे सर्वांना पाठ असते, आणि ते १ ॲटमॉस्फिअर दाबाला खरे आहे. आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार ठरवला आणि त्या दाबाला हे आकारमान सुमारे २२.७ लिटर येते. जुन्या पुस्तकात प्रश्न असतो: प्रमाण स्थितीत ५.६ लिटर ऑक्सिजनचे वस्तुमान किती? २२.४ धरले तर पाव मोल होतो आणि उत्तर बरोबर ८ ग्रॅम येते. २२.७ धरले तर ७.९ च्या आसपास येते, आणि एनसीईआरटीच्या पुस्तकात २२.७ वाचून आलेला मुलगा पर्यायांत ८ पाहून थबकतो. मी त्यांना सांगतो की प्रश्नात दाब दिला असेल तर तो पाहा; दिला नसेल आणि आकडे ५.६, ११.२, ४४.८ असे असतील, तर प्रश्न काढणाऱ्याने २२.४ मनात धरूनच ते घेतले आहेत. एवढे एकदा कळले की तो सगळा पाठ जुन्या पुस्तकातून बिनधास्त सोडवता येतो.

बाकी जे उरते ते फार मोठे आहे. गणित जवळपास जुने होतच नाही. सीईटीची काठिण्यपातळी गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात जेईई मेनच्या तोडीची राहील, असे सीईटी कक्षाचे धोरण आहे, त्यामुळे २०१८ पूर्वीची सीईटीची पुस्तके गणितासाठी थोडी सरळधोपट वाटतात, आणि २००२ ते २०१२ मधली एआयईईईची पुस्तके, म्हणजे वयाने त्याहून जुनी पुस्तके, आजच्या सीईटीला जास्त जवळची ठरतात. संकलन, निश्चित संकलनाचे उपयोजन, सदिश, रेषा व प्रतल, या प्रकरणांसाठी मी तीच आधी देतो. २००६ पूर्वीच्या आयआयटीच्या पुस्तकांत सविस्तर उत्तरांचे प्रश्न असतात. ज्या मुलाला गणितात खरोखर गोडी आहे त्याला ती जरूर द्यावीत, पण ज्याला सीईटीत चांगले गुण हवे आहेत आणि हाती मोजका वेळ आहे, त्याच्यावर ती लादू नयेत. एम्सची स्वतंत्र प्रवेश परीक्षा २०१९ नंतर बंद होऊन नीटमध्ये मिसळली, म्हणून तिची जुनी पुस्तके लोक रद्दीत घालतात. मला ती सापडली की आनंद होतो, कारण 'विधान आणि कारण' या प्रकारचे प्रश्न त्या परीक्षेची ओळख होते आणि आता असे प्रश्न नीटमध्ये येतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचीही पूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तीत गांधीविचारांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे; तिची गरज आता कुणाला नाही, तरी वर्ध्याच्या शेजारच्या मुलांनी ती एकदा चाळावी असे मला मनापासून वाटते.

उत्तरतालिकेविषयी मुलांना आधीच सावध करावे लागते. जुन्या आवृत्त्यांत छपाईच्या चुका असतात आणि आधीच्या मालकाने केलेल्या दुरुस्त्याही नेहमी बरोबर नसतात. आमचा नियम असा की दोन मुलांचे उत्तर एकमेकांशी जुळले आणि पुस्तकाशी जुळले नाही, तर प्रश्न माझ्याकडे किंवा गणिताच्या मॅडमकडे आणायचा. मागे दोन मुली आल्या. "सर, आमचं दोघींचं उत्तर सारखं येऊन राहिलं, पण पुस्तकात अलग हाय." साइन एक्स आणि कॉस एक्स यांच्या गुणाकाराचे संकलन होते, यांचे उत्तर साइन-वर्गाचे अर्धे आणि पुस्तकाचे उत्तर उणे कॉस २एक्सचा चौथा भाग. दोन्ही बरोबर, फरक फक्त स्थिरांकाचा. फळ्यावर दोन्ही उत्तरांचे अवकलन करून दाखवले, तेव्हा त्या गोष्टीवर त्यांचा जो विश्वास बसला, तो तयार स्पष्टीकरण वाचून बसला नसता. पुस्तकातल्या उत्तरावर शंका घेऊन ती शेवटपर्यंत नेण्याची सवय जुन्या पुस्तकांमुळे लागते, हा मला त्यांचा मोठाच फायदा वाटतो.

आधीच्या मालकाच्या खुणांचे दोन प्रकार असतात. पर्यायांवर गोल केलेले असले तर सरावच होत नाही. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून ती पर्यायांवर ठेवायची. जेईई मेनमध्ये संख्यात्मक उत्तरांचे प्रश्न आहेत आणि एआयईईईच्या पुस्तकांत ते नाहीत, तेव्हा पर्याय झाकून आकडा काढण्याचा हा सराव तिथेही कामी येतो. दुसऱ्या प्रकारच्या खुणा मात्र पुसू देऊ नयेत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीत इंग्रजीत विज्ञान घेतलेल्या कुणा मुलीने अवघड शब्दांवर बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहून ठेवलेले असतात. सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो, आणि आमच्या मुलांना प्रश्नातली भाषाच आधी अडते. अशा पुस्तकाला अभ्यासिकेत नेहमी मागणी असते.

परीक्षेचे रूप मात्र जुने पुस्तक शिकवू शकत नाही आणि ते मुलांना स्पष्ट सांगावे. सीईटी २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे १०० प्रश्न पहिल्या ९० मिनिटांत आणि गणिताचे दोन-दोन गुणांचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद आणि गणितात १०८ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा, त्यामुळे तिथे सोडून देणेही शिकावे लागते. नीटचा नमुनाही मध्ये बदलला होता. २०२१ ते २०२४ या वर्षांत २०० पैकी १८० प्रश्न निवडता येत, २०२५ पासून पुन्हा १८० प्रश्न आणि १८० मिनिटे, निवड नाही. म्हणजे अगदी अलीकडे छापलेल्या पुस्तकातली सराव-प्रश्नपत्रिकाही जशीच्या तशी सोडवली तर वेळेचा अंदाज चुकतो. पुस्तकातून प्रश्न घ्यावेत, वेळ आणि गुण आजच्या नियमाने लावावेत.

संगणकाच्या पडद्यासाठी आम्ही एक साधा उपाय करतो. आमच्या मुलांना प्रश्नाखाली रेघ मारत, आकृतीवरच बाण काढत, समासात हिशेब करत प्रश्न सोडवण्याची सवय असते. पडद्यावर यातले काही करता येत नाही आणि पहिल्यांदा परीक्षा केंद्रावर बसलेला मुलगा तिथेच गडबडतो. म्हणून जानेवारीपासून पुस्तक टेबलावर आडवे ठेवायचे नाही. ते भिंतीला टेकवून समोर उभे करायचे, वरून रबर लावून पान धरून ठेवायचे, आणि हात फक्त कोऱ्या कागदाला लावायचा. आकृती पाहून कागदावर उतरवायची, दिलेले आकडे एका ओळीत लिहून घ्यायचे, पर्यायाचे अक्षर वेगळ्या कागदावर नोंदवायचे. सुरुवातीला मुलांचा वेग पार मंदावतो आणि ती कुरकुरतात, पण हळूहळू हात बसतो. मार्चमध्ये बारावीचे पेपर संपले की महाविद्यालयातल्या संगणकांवर पाळीपाळीने ऑनलाइन सराव-चाचण्या देतात. एनटीएच्या संकेतस्थळावर जेईई आणि नीटच्या मागील प्रश्नपत्रिका मोफत आहेत. सगळ्यांना वेगवेगळ्या छापून देणे परवडत नाही, म्हणून शेवटच्या दोन-तीन वर्षांच्या छापून एकाच फाइलमध्ये लावलेल्या आहेत. अलीकडच्या खऱ्या प्रश्नपत्रिका शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवाव्यात आणि दिवाळीच्या सुट्टीपासून, कापूस वेचणीचे दिवस सांभाळून, हिवाळाभर जुन्या पुस्तकांतून प्रकरणनिहाय सराव करावा, असा क्रम मी सुचवतो.

ज्यांच्या घरी अशी पुस्तके पडून आहेत आणि जी मंडळी ती खेड्यांत पाठवू इच्छितात, त्यांच्याकडे माझे मागणे आहे. पहिल्या पानावर आपल्या मुलाने कोणती परीक्षा कोणत्या वर्षी दिली ते लिहावे. अभ्यासक्रमातून गेलेल्या प्रकरणांवर फुली मारू नये, ती कोणत्या परीक्षेतून गेली एवढेच कडेला लिहावे. उत्तरे आणि स्पष्टीकरणे वेगळ्या पुस्तिकेत असतील तर ती पुस्तिका शोधून सोबत बांधावी, कारण तिच्याशिवाय आलेले पुस्तक एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलाच्या फारसे उपयोगी पडत नाही. गणिताचे कितीही जुने पुस्तक चालेल. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची पुस्तके आम्ही तपासून घेऊ. जीवशास्त्राची पुस्तके मात्र २०२० नंतरची असतील तरच पाठवावीत. त्याआधीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांवर खुणा करायला लागणाऱ्या वेळात तेवढेच प्रश्न पाठ्यपुस्तकावरून नव्याने काढून होतात, आणि ते काम आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमनी सुरूही केले आहे.